इंजिनिअरचा हौद

कुत्र्याचं नाव 'इंजिनिअर' आईनंच ठेवलं होतं. पिल्लू असताना त्यानं आल्या आल्या मागच्या अंगणात नळापासून कुंपणापर्यंत अशी सरळ चारी खणली, की आई खिडकीतून ओरडली, "अगं, हा तर पाइपलाइन टाकायलाच आलाय!" नाव चिकटलं ते चिकटलंच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो तिच्या खाटेखाली मुक्काम ठोकून असायचा. ती गेल्यावर घरात उरले दोघंच, तो आणि आईची धाकटी मुलगी.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. आईचं दुखणं काढता काढता तिचं लग्न राहून गेलं होतं, आणि त्याबद्दल बोलणारी माणसंही आता थकली होती. ताईची नोकरी कायम बाहेरगावी, शाळेत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर ती सामान घेऊन आली आणि म्हणाली, "आता दोघी बहिणी मिळून राहू." धाकटीला मनापासून बरं वाटलं. निदान जेवताना समोर कुणीतरी असणार होतं.

ताईच्या सामानात गुलाबाची कलमं होती. तिनं अंगणाच्या उन्हाच्या बाजूला वाफा करून घेतला, विटांची तिरपी किनार लावली, आणि तिसऱ्याच दिवशी इंजिनिअरनं त्यातली दोन कलमं मुळासकट बाहेर काढली.

"हे जनावर घरात राहणार असेल, तर मला आधी सांगायचं होतंस," ताई म्हणाली. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. शाळेतही ती हळूच बोलायची म्हणे, आणि पोरं चळाचळा कापायची.

धाकटी इंजिनिअरला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी त्याचे पंजे पाहिले, कान पाहिले आणि विचारलं, "दिवसभर हा काय करतो?"

"काही नाही. मी दुकानात असते. पूर्वी आईजवळ असायचा."

"म्हणजे बेकार आहे बिचारा. खणणं हे त्याच्या रक्तातच आहे, ते मारून जायचं नाही. त्याला काम द्या. खणायला हक्काची जागा करून द्या, त्यात त्याच्या आवडीच्या वस्तू पुरा. सकाळी चांगला दमवा. आणि नको तिथे उकरताना दिसला तर ओरडू नका, उचलून त्याच्या जागेवर न्या. तिथे उकरलं की शाबासकी."

धाकटीनं मनावर घेतलं. कुंपणाजवळ सावलीत जुन्या फळ्या ठोकून तिनं चौकोनी हौद केला आणि त्यात बारीक वाळू ओतली. रबरी चेंडू, दोरीची गाठ, पोकळ खेळणं, असं काय काय ती त्यात पुरून ठेवायची. पोकळ खेळण्यात भात आणि उकडलेली कलेजी ठासून भरायची. ती बाहेर काढता काढता इंजिनिअरचा तासभर जायचा. कोपऱ्यावरच्या खाटकाकडून ती अधूनमधून एखादं हाड आणून तेही वाळूत दडवायची. सकाळी तासभर लवकर उठून त्याला मैदानावर पळवायची आणि दुकानात जांभया देत काचा घासायची.

सुरुवातीला तो हौदाकडे ढुंकूनही पाहीना. मग ती स्वतःच गुडघे टेकून वाळू उकरायला लागली. शेजारीण कुंपणावरून बघत होती. "काय हरवलं गं?" तिनं विचारलं. "माझी अक्कल," धाकटी म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. तेवढ्यात इंजिनिअर आला, तिला बाजूला ढकलून त्यानं वाळूत तोंड खुपसलं, आणि चेंडू सापडला तेव्हा तो तोंडात धरून अंगणभर असा मिरवला, की जणू त्यानं विहीरच खणली होती.

हळूहळू त्याला कळलं. वाफ्याकडे पाऊल वळलं तरी "इकडे!" म्हटलं की तो हौदात उडी घ्यायचा. ताईच्या गुलाबांना कळ्या आल्या. धाकटी म्हणाली, "बघितलंस ताई? शिकला की नाही?"

"बघू," ताई म्हणाली.

आणि कुठे काय बिनसलं कोण जाणे, इंजिनिअर पुन्हा वाफ्यात शिरायला लागला. तेही पूर्वीसारखा नाही. पूर्वी तो कुठेही उकरायचा, आता नेमका झाडांच्या बुंध्याशी जायचा, वेड लागल्यासारखा. "इकडे!" म्हटलेलं कानात शिरेना. धाकटीनं हाडं आणणं थांबवलं, खेळणी बदलली, संध्याकाळचीही फेरी सुरू केली, वाफ्याला जाळी लावली. त्यानं जाळीखालून वाट काढली.

ताई रागावली नाही. रोज संध्याकाळी ती फक्त उपटलेलं झाड पायरीवर आणून ठेवायची आणि आत जायची. धाकटी दुकानातून आली की आधी पायरीकडे बघायची. एकदा तिथे सगळ्यात मोठं झाड पडलेलं होतं, कळ्यांसकट. धाकटीनं पायातली चप्पल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा इंजिनिअरला मारलं. तो पळाला नाही. मातीनं भरलेलं तोंड खाली घालून तसाच बसून राहिला.

"तू खूप केलंस त्याच्यासाठी," त्या संध्याकाळी ताई मायेनं म्हणाली. "काही जनावरं नाहीच सुधारत. माझ्या ओळखीचे एक आहेत, फरशांचं गोदाम आहे त्यांचं. मोठं आवार आहे, मोकळं. देऊन टाकू."

धाकटीनं हात टेकले होते. ती हो म्हणाली. गोदामवाल्यांचा टेम्पो आला तेव्हा तिनं इंजिनिअरच्या तोंडात चेंडू दिला. ड्रायव्हरनं तो काढून बाजूला फेकला. गाडीत घाण नको म्हणे.

पुढे काही आठवड्यांनी ती कोपऱ्यावरून जात असताना खाटकानं हाक मारली. "काय हो, आताशा हाडं नेत नाही कुणी? कुत्रा बरा आहे ना?"

"दिला तो. आणि मी तर मागेच थांबवली होती हाडं आणायची."

"तुम्ही नाही हो, मोठ्या बाई. रोज दुपारी यायच्या की. नळीचीच हवीत म्हणायच्या, वास असलेली."

धाकटी तिथेच उभी राहिली. खाटकाच्या दुकानावरून जाताना नाकाला पदर लावणारी ताई. घरी आल्यावर तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. सरळ वाफ्यात गेली आणि खुरप्यानं एका बुंध्याशी खणायला लागली. पहिलं हाड फार खोल नव्हतं. दुसरं त्याच्याच खाली होतं, व्यवस्थित पुरलेलं. मागे वळून पाहिलं तर ताई दारात उभी होती.

"हे काय आहे, ताई?"

ताईनं नाकारलं नाही. "खत म्हणून घालतात हाडं," ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते पटलं नसावं. "मी दर रविवारी फोन करायची आईला. माहितीये तुला? दर रविवारी. आणि ती मला सांगायची इंजिनिअरनं काय केलं, इंजिनिअरनं काय खाल्लं. 'तू कशी आहेस' म्हणून एकदा विचारलं नाही. एकदा."

"मग तो राग आईवर काढायचास."

"आई होती का काढायला?"

धाकटीला वाटलं होतं आपण ओरडू, खुरपं फेकू. पण तिला फक्त चप्पल आठवली, आणि ते खाली घातलेलं तोंड.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती गोदामात गेली. आवार मोठं होतं खरं, पण सगळं सिमेंटचं. फरशांच्या ढिगांच्या मधोमध एका खांबाला इंजिनिअर साखळीनं बांधलेला होता. त्यानं तिला ओळखलं, शेपटी हलवली, पण उठला नाही. पहारेकरी म्हणाला, "पहिले काही दिवस नुसता जमीन खरवडायचा. नखं सोलून रक्त काढलं. आता शांत आहे." मालकांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. "न्या. भुंकतच नाही, काय उपयोग?"

घरी आणल्यावर ती त्याला हौदाशी घेऊन गेली. त्याच्या डोळ्यांदेखत तिनं वाळूत कलेजी पुरली, वर हातानं थापटलं. "शोध," ती म्हणाली. "शोध ना रे." तो वाळूच्या कडेला बसला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं थोडं उकरून दाखवलं. त्यानं पंजे पोटाखाली घेतले.

ताई पायरीवर आली होती. थोडा वेळ बघून म्हणाली, "सुधारला की."

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. बहुधा तिला समेट करायचा होता, आणि तेच धाकटीला सहन झालं नाही. दुसऱ्याच दिवसापासून ती भाड्याची खोली बघायला लागली. ताईला कळलं तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसून होती. "उद्या मी पडले झडले तर माझं कोण बघणार?" तिनं विचारलं. धाकटीनं बशा विसळल्या, पुसून फळीवर लावल्या. खरं तर उत्तर तिलाही ठाऊक होतं. बोलावणं आलं तर ती जाणारच होती. तिचा स्वभावच तसा होता, आणि ताईलाही ते पक्कं ठाऊक होतं.

खोली दुकानापासून जवळ मिळाली, दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीण बाई बऱ्या होत्या, पण कुत्रा म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उकरतो बिकरतो का हो? खाली माझ्या कुंड्या आहेत."

धाकटीनं इंजिनिअरकडे पाहिलं. तो तिच्या पायाशी शहाण्यासारखा बसला होता.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."

बाईंचं समाधान झालं. किल्ली तिच्या हातात देत त्या म्हणाल्या, "छान वळण लावलंय हो तुम्ही."