मॅग्नोलियाची तिसरी पिढी

आमच्या घरात मुलगी जन्मली की आधी तिचं नाव ठरतं आणि लगेच तिचं मंडळ. माझं मंडळ मॅग्नोलिया. आजी तिथली, आई तिथली, तेव्हा मीही तिथलीच, यात विचारण्यासारखं काय होतं? विद्यापीठात मुलींची अशी मंडळं पुष्कळ आहेत, प्रत्येकाचा बंगला वेगळा. पण अलाबामातल्या आमच्या गावात मॅग्नोलियाखेरीज दुसरं नाव घेतलं तर बायका नाक मुरडतात, आणि सगळ्यांत आधी माझी आजी.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी निवडीचा आठवडा असतो. घामाघूम होत, तोंडावरचं हसू ढळू न देता या बंगल्यातून त्या बंगल्यात जायचं आणि तिथल्या मुलींशी गोडगोड बोलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर कळतं की कोणी पुन्हा बोलावलं आणि कोणी नारळ दिला. रोज बंगले कमी होत जातात. शेवटी एक उरतो, तो आपला. कधी एकही उरत नाही.

माझ्या खोलीत केसिडी नावाची ओहायोची मुलगी होती. तिच्या घरात कोणी कधी असल्या भानगडीत पडलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "तुझं बरं आहे बाई, मेरिट. तू काय, घरचीच." मी हसले. पण घरच्या मुलीचं घोडं कुठे अडतं ते मला ठाऊक होतं. मॅग्नोलियाची जुनी रीत अशी की घरची मुलगी शेवटच्या फेरीपर्यंत ठेवली तर तिला घ्यावंच लागतं. म्हणून नको असलेली आधीच काढायची. आणि काढण्याआधी तिच्या आईला फोन करायचा, म्हणजे निदान तिला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको. यंदा मंडळाने जाहीर केलं होतं, घरची-बाहेरची हा भेद बंद, सगळ्या मुली सारख्या. मी समजले, रीत गेली तसा फोनही गेला.

गुरुवारी मॅग्नोलियात माझ्याशी बोलायला बसलेली मुलगी सारखी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मी आजीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, अरे वा. मग मी आईचंही सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, अरे वा. एवढ्यावर माणसाला कळायला हवं. मला कळलं होतंच, पण मी स्वतःला समजावत राहिले.

शुक्रवारी सकाळी फोन उघडला. मॅग्नोलिया नव्हतं. मी तो बंद करून पुन्हा उघडला, मूर्खासारखा. दोन नावं होती, त्यातलं वरचं पॉप्लर. शेजारच्या पलंगावर केसिडीने आपला फोन पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तो हळूच उशीखाली सरकवला. तिला मॅग्नोलियाने बोलावलं होतं. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"बोलावलं ना गं मॅग्नोलियाने?"

मी खरं सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. तोंडातून निघालं, "हो."

ती म्हणाली, "कुठला ड्रेस घालतेस?"

"निळा."

"निळा शोभतो तुला." मग म्हणाली, "मेरिट, अजून काही सांगायचंय का बाळा?"

"नाही."

"बरं. रविवारी आजीला घेऊन येते. तिचा हट्टच आहे. मॅग्नोलियाच्या हिरवळीवर उभं राहून तुला मंडळाची आपली जुनी पिन स्वतःच्या हाताने लावायची म्हणते."

फोन ठेवला आणि माझी पाचावर धारण बसली. आजी ओरडणारी बाई नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. माझी मामेबहीण लीलँड दुसऱ्या मंडळात गेली, तेव्हा आजी तिला अवाक्षरही बोलली नाही. तिने नुसता पियानोवरचा लीलँडचा फोटो उचलून ठेवून दिला. पुढच्या नाताळात जेवणाच्या टेबलावर लीलँडची खुर्चीच नव्हती, आणि एवढ्या माणसांत कोणीही विचारलं नाही की खुर्ची कुठे गेली. मीही विचारलं नाही. मी मुकाट्याने भाजलेली रताळी खात बसले.

केसिडी म्हणाली, "सांगून टाक आईला. खाणार आहे का ती तुला?" बाहेरच्या माणसाला शहाणपण सोपं असतं. दिवसभर मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. शनिवारी पॉप्लरच्या बंगल्यात शेवटची फेरी झाली. तिथल्या एका जाड चष्म्याच्या मुलीने मला लिंबू सरबत दिलं आणि म्हणाली, "तू फार घाबरलेली दिसतेस, आम्ही इतक्या भयंकर आहोत का?" त्या आठवड्यात पहिल्यांदा मला खरं हसू आलं. लगेच वाटलं, आजीने हे हसणं ऐकलं तर? तरी फोनवर शेवटची पसंती भरताना मी पॉप्लरवर बोट ठेवलं.

रविवारी सगळ्या मुलींना मैदानात बसवून पाकिटं वाटली. एकदम उघडायची आणि आपल्या बंगल्याकडे पळत सुटायचं. माझ्या पाकिटात पॉप्लर निघालं. अंगावर त्यांचा पिवळा सदरा चढवला आणि किंचाळणाऱ्या गर्दीत मी पळाले. बंगल्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आमची गाडी उभी होती.

आई उतरली. दार लावून घेतलं आणि झपाझप माझ्याकडे आली. माझ्या सदऱ्याचा रंग पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही. मी बोलायच्या आत तिने माझं मनगट धरलं.

"मला गुरुवारीच कळलंय," ती कुजबुजली. "त्यांनी फोन केला होता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू हो म्हणालीस ना. मला तेच हवं होतं. आजीला मी अजून सांगितलेलं नाही. मॅग्नोलियाच म्हणून सांगितलंय." गाडीकडे पाठ करून ती उभी होती, तरी आवाज आणखी खाली गेला. "मला धीरच होत नाही गं. सदरा काढ. मॅग्नोलियाला तूच नको म्हणालीस असं सांगू. काहीतरी सांगू."

आईला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मीच तिला घाबरायची. आता ती माझ्यामागे लपायला बघत होती, आणि त्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी फोन उघडतानाही वाटली नव्हती.

मी हात सोडवून घेतला आणि गाडीपाशी गेले. मागची काच खाली होती. आजी मोत्यांची माळ घालून ताठ बसली होती, मांडीवर पांढरी फुलं.

"आजी, मॅग्नोलियाने मला घेतलं नाही," मी म्हणाले. "मी पॉप्लरमध्ये जातेय."

आजीने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आईकडे.

"लोरेल," ती शांतपणे म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

आईने मान खाली घातली.

"गाडीत बस."

आणि बावन्न वर्षांची माझी आई, माझ्याकडे न बघता, गाडीत जाऊन बसली.