उसना बूट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. पाय तीन, डोकं सपाट, आणि त्या डोक्यात भुसा नाही, हेवा भरलाय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तोंड लपवायला नको.

मला बनवलं बाबांनी. बाबा सुतार. मोडक्या दाराच्या चौकटीतून त्यांनी माझे पाय काढले, रंधा मारला, गुडघ्यांत नट-बोल्ट घातले. सगळं धाकट्या लेकीसाठी. ती दुकानात चष्म्याच्या काचा घासते आणि सुटी मिळाली की आभाळावर कॅमेरा रोखते. "हत्ती बसला तरी हलायचा नाही," बाबा म्हणाले होते. हत्ती काही आला नाही, पण तेरा वर्षं तिचा कॅमेरा मी डोक्यावर मिरवला. शेजारपाजारचे म्हणायचे, "काय दणकट आहे हो!" मी फुगायचो. लाकडानं फुगणं बरं नव्हे, पण फुगायचो.

मग तो आला, नवा स्टँड. काळा, सडपातळ, एका बोटावर उचलावा असा. पायांत रबरी बूट! त्याला झोपायला मऊ पिशवी, आणि मी गच्चीच्या कोपऱ्यात, डोक्यावर मनीप्लांटची कुंडी. दोन वर्षं कुंडीचं पाणी माझ्या डाव्या पायावरून ठिबकलं. टोक कुजून गेलं. पाय ओला, पण आतला जळफळाट काही विझला नाही.

आता ग्रहणाचं ऐका. लाल झालेला चंद्र तिच्या हातून दोनदा निसटला होता. एकदा ढग आले, एकदा कॅमेऱ्याचं झाकणच काढलं नव्हतं. यंदा चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता. पण यंदा घाई वेगळीच होती. बाबांची नजर उतरली होती. भरला चंद्र त्यांना दिसायचा, तांबूस अंधुक झालेला दिसला नसता. तिच्या दुकानातली कुठलीच काच त्यांच्या नजरेला पुरी पडत नव्हती. "बाबा, फोटो काढून दाखवते तुम्हाला, ताटाएवढा," तिनं शब्द दिला होता.

दोन दिवस आधी तिनं काळ्याची परीक्षा घेतली. चंद्र लखलखीत, फोटो निमिषात निघाला, अगदी स्वच्छ. काळा पास! मी कुंडीखालून बघत होतो.

त्या संध्याकाळी गच्चीवर वारा सुटला. अंधार पडता पडता चंद्र पुरा झाकला गेला. आणि मित्रांनो, तिची चूक तिथं उघडी पडली. झाकलेला चंद्र मिणमिणता. त्याच्या फोटोला निमिष पुरत नाही, कॅमेऱ्याचा डोळा पुरे दोन सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात काळा वाऱ्यानं थरथरायचा. फोटोत एका चंद्राचे तीन चंद्र!

तिनं त्याच्या पोटाला विटांची पिशवी टांगली. तर पिशवीच झोके घेऊ लागली.

"या खेपेला झाकण तरी काढलंयस ना गं?" थोरली बहीण म्हणाली.

"ताई, गप्प बस, नाहीतर विटेच्या जागी तुला टांगीन!"

मला काय उकळ्या फुटल्या! हल अजून, म्हटलं, चांगला नाच. तेवढ्यात बाबा चाचपडत आले. "दिसतोय का गं माझा चंद्र?" त्यांनी विचारलं. "हा काळा हलतोय, बाबा," ती म्हणाली. माझी उकळी तिथंच बसली.

"माझा म्हातारा कुठाय?" बाबा म्हणाले. "कुंडी उतरवा."

पण उभं करताच मी घसरलो. कुजका पाय! बाबांनी हातानंच चाचपून चाकूनं टोक तासलं, काळ्याचा एक बूट उपटला आणि माझ्या पायात दाबून बसवला. दुष्मनाचा बूट, आणि काय सांगू, पक्का बसला.

"एक... दोन..." तिनं मोजलं. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

बाबांनी कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावलं. "हा होय! तांब्याचा हंडा पालथा घातल्यासारखा दिसतोय की." मग किती वेळ बघतच राहिले.

"कॅमेरा भारी आहे हो तुझा!" थोरली म्हणाली.

घ्या! कॅमेरा भारी! खाली उभा कोण होता? पण बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, म्हणून जळणं आवरलं.

आता कोपऱ्यात आम्ही दोघं शेजारी असतो. बूट परत द्यायचं कुणाच्या ध्यानातच नाही. काळा लंगडतो आणि माझ्यावर रेलतो. त्याचं कौतुक झालं की मला आजही हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, जुन्याला पाण्यात भिजत ठेवू नका, आणि नव्याला अनवाणी ठेवू नका. तुमच्यापैकी कुणी आमच्या घरी आलात, तर तिला एवढं सांगा, बाजारातून एक रबरी बूट आण म्हणावं. माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी.