संत्र्याच्या राखेतला हिरवा

भट्टीतून काढलेली वाटी यासुकोनं उन्हात फिरवून पाहिली आणि खाली ठेवली. वाटी याही वेळी पिवळट निघाली होती.

संत्र्याच्या लाकडाची राख मातीच्या भांड्यावर चढवून भाजली की काचेसारखी झिलई येते. तेवढ्यासाठी ही जपानी कलावंत दीड वर्ष शेंदूरजनाघाटला, मनकर्णाबाईच्या बगीच्यात ठाण मांडून होती. पहिल्याच भट्टीत तिला एक हिरवा रंग मिळाला होता. नंतर त्यानं जणू तोंडच लपवलं. येत्या आठवड्यात तिला परत जायचं होतं.

"तो हिरवा कावून नाही येऊन राहिला?" यासुकोनं विचारलं. मराठी ती मनकर्णाबाईकडूनच शिकली, त्यामुळे बोलायची अस्सल वऱ्हाडी.

मनकर्णाबाईला चुटपुट लागली.

"पहिली राख माह्या चुलीतली होती. सालीसकट जाळलेली. मंग तुमच्यासाठी लाकडं सोलून, धुऊन जाळाले लागली मी. पाहुणीले घाण कशी द्याची?"

"सालीवर काय होतं?"

"आमच्या यायनं लावलेलं मोरचूद न् चुना. झाडाले रोग लागू नये म्हून."

यासुको ताडकन उठली. मोरचुदात तांबं असतं आणि तांब्यानं झिलई हिरवी होते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मनकर्णाबाईच्या नवऱ्याला, देवरावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर बगीच्यात कुणी मोरचुदाला हात लावला नव्हता. विहिरीजवळच्या एका झाडावर मात्र त्यांच्या बोटांचे फिकट निळे फराटे अजून होते. त्या झाडाला मनकर्णाबाई कुणाला टेकूही देत नसे.

ती घरात गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली.

"चूक माही हाय. तोडा ते झाड."

झाड फळांनी वाकलं होतं. यासुकोनं त्या फराट्यांवरून हलकेच हात फिरवला आणि मनकर्णाबाईच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

"मोरचूद दुकानात भेटते ना?"

"भेटते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पानी. तोंडपाठ हाय मले." मनकर्णाबाईनं त्या फराट्यांकडे पाहिलं. "लावलं मातर नाही कधी."

"मी तिकीट पुढं ढकलते," यासुको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी प्लास्टिकच्या बादलीत मोरचूद कालवलं आणि सरपणाचा ढीग निळा करून टाकला. तरी बादलीत थोडं उरलंच. मनकर्णाबाई ते घेऊन विहिरीकडे गेली. फराट्यांची चार बोटांएवढी जागा सोडून तिनं बाकीचं खोड रंगवलं.