दाराला लावायचं राहिलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. कुलपाने बोलू नये, हे मलाही कळतं. कुणाला गप्प करायचं असलं की लोक 'तोंडाला कुलूप लाव' म्हणतात, आणि इथे तर कुलूपच तोंड उघडून बसलं आहे. पण इतकी वर्षं मूग गिळून बसल्यावर एकदा तरी मन मोकळं करावंसं वाटतं. तेव्हा जरा सरकून बसा आणि ऐका.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक खोली, एक भट्टी आणि एक म्हातारा कारागीर. त्याची नजर अधू झाली होती, पण कान तिखट होते. माझ्या पोटातले खटके बसवताना तो मला कानाशी धरायचा, किल्ली फिरवायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा कानस घासायला बसायचा. शेवटी एकदा मी 'खट्' असा आवाज केला आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने मला राखेने घासूनपुसून लख्ख केलं आणि दुकानाच्या दर्शनी भागात टांगलं.

मला विकत घेतलं ते एका चष्मेवालीने. तिने नुकतंच स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत चष्म्यांचं दुकान थाटलं होतं. कारागिराने तिच्या हातावर मला ठेवलं आणि म्हणाला, "याला दोन किल्ल्या आहेत बघा, ताई. एक सांभाळायला आणि एक हरवायला."

"हरवायला कशाला?" चष्मेवालीने विचारलं.

"सगळेच हरवतात हो. तुम्ही काय जगावेगळ्या आहात?"

ती हसली. पण तिने दोन्ही किल्ल्या जपून ठेवल्या, एकही हरवली नाही. हे मी तिच्या कौतुकाने सांगतो आहे.

ते घर मला पहिल्या दिवसापासून आवडलं. पुढच्या खोलीत काच घासायचं चाक होतं. ते फिरायला लागलं की बारीक पांढरी भुकटी उडायची आणि चष्मेवालीच्या भुवयांवर बसायची. मागे स्वयंपाकघर, वर एक लहानशी झोपायची खोली. ती बाहेर निघाली की मला कोयंड्यात अडकवायची, किल्ली फिरवायची, दोनदा ओढून बघायची. माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे, सवय म्हणून. मग समोरच्या बेकरीकडे बघून ओरडायची, "काकू, येते हं!"

बेकरीवाल्या काकू भट्टीपुढून तोंडसुद्धा न वळवता ओरडायच्या, "ये गं, सावकाश ये!"

आपल्या बोलण्यातली ही गंमत तुम्हाला ठाऊकच आहे. घरातून निघालेलं माणूस 'जाते' म्हणत नाही. जाते म्हटलं की ऐकणाऱ्याच्या काळजात उगाच चर्र होतं. म्हणून जाणारं माणूस 'येते' म्हणतं, आणि त्यात कुणाचाही घोटाळा होत नाही. निदान आमच्या गल्लीत तरी होत नसे.

वर्षं गेली. चष्मेवालीला मुलगी झाली. मुलगी पहिलं पाऊल टाकायला लागली आणि थोड्याच दिवसांत तिचा बाप आजारपणात गेला. मायलेकी दोघीच राहिल्या. सगळे त्या मुलीला चिमणी म्हणत. चिमणीला किल्ली फिरवायला भारी आवडायचं. हात पुरत नसे, तर पायरीवर डबा उलटा ठेवून त्यावर चढायची. माझ्या अंगावर तिची चिकट बोटं उमटायची आणि मी मोठ्या माणसासारखा ते सहन करायचो.

मग मोठमोठ्या इमारतींत बसणाऱ्या माणसांचं काहीतरी बिनसलं. राजकारणातलं मला काही कळत नाही. मी दाराबाहेर लटकणारा. पण रस्त्याची चाहूल कुलपालाच आधी लागते. टेकडीवरच्या वस्तीतले लोक आमच्या गल्लीत येईनासे झाले. आमच्या गल्लीतले टेकडीवर जाईनात. काल चष्मा दुरुस्त करून घेऊन गेलेला माणूस आज ओळख दाखवीना. गल्लीतल्या दारांना एकेक करून कुलपं लागू लागली. आधी शिक्षकाच्या घराला, मग सोनाराच्या, मग टपालवाल्याच्या. ती कुलपं ऐटीत लटकत होती, आणि खरं सांगतो, मला त्यांचा थोडा हेवा वाटला. लांबच्या मुक्कामाची जबाबदारी म्हणजे कुलपाचा मान असतो.

एके दिवशी सकाळी टेकडीमागे धडाम आवाज झाला. खिडक्यांची तावदानं थरथरली. थोड्याच वेळात कोपऱ्यावर एक ट्रक येऊन थांबला आणि ड्रायव्हर ओरडू लागला, "चला, चला! पूल बंद व्हायच्या आत पलीकडे पोचायचं असेल तर आत्ताच!"

चष्मेवालीने एका हातात पिशवी आणि चिमणीचा हात धरला, दुसऱ्या हाताने खुंटीवरून किल्ल्यांसकट मला उचललं आणि पायाने दार ओढून घेतलं. समोर काकू उभ्या होत्या. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळे त्यांना निघता येणार नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काकू, येते."

काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "ये गं. सावकाश ये."

ट्रक पूल ओलांडून नदीपलीकडच्या देशात शिरला तेव्हा कुठे चष्मेवालीने मूठ उघडली. मुठीत मी होतो. माझ्या दांड्याचा लाल वळ तिच्या तळहातावर उमटला होता.

"अगं बाई!" ती एवढंच म्हणाली.

चिमणीने माझ्याकडे बघितलं. "आई, कुलूप तर आपल्याकडे आहे. मग दाराला काय आहे?"

दाराला काहीच नव्हतं, मित्रांनो. नुसतं ओढून घेतलेलं दार. माझी किती नाचक्की झाली म्हणून सांगू!

पलीकडे छावणी होती. तंबू एका देशाने पाठवलेले, घोंगड्या दुसऱ्या देशाच्या, पाण्याच्या टाक्या तिसऱ्याच्या, डॉक्टर आणखी चौथ्याच देशाची. त्या डॉक्टरीणबाईंना आमची भाषा येत नव्हती, पण तापलेलं कपाळ त्यांना बरोबर कळायचं. इतक्या परक्या माणसांनी मिळून आमची सोय केली, याचं मला आजही नवल वाटतं. तक्रार एकच. तंबूला कुलूप लावायचं तरी कुठे? त्याला होती चेन. सर्रकन वर, सर्रकन खाली. माझ्यासारख्या खानदानी कुलपाने ते बघायचं!

चष्मेवाली मला कुणाला दाखवत नसे. एका मोज्यात गुंडाळून तिने मला पिशवीच्या तळाशी दडवलं होतं. घर उघडं टाकून कुलूप घेऊन पळाली, हे लोकांना कळलं तर हसतील, अशी तिला लाज वाटायची. दिवसभर ती छावणीतल्या लोकांच्या मोडक्या चष्म्यांच्या काड्या तारेने बांधून द्यायची. चिमणी तिथल्या शाळेच्या तंबूत जाऊ लागली आणि पलीकडची भाषा पटापट उचलू लागली.

मग त्या देशात राहायची परवानगी मागायचा दिवस आला. जिवाच्या भीतीने पळून आलेल्यांनाच ती मिळत असे. टेबलापलीकडचा अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याला सर्दी झाली होती आणि रांग संपत नव्हती. शेजारी एक तरुण दुभाषी बसला होता. आमची भाषा तो पुस्तकांतून शिकला होता, आणि चांगली शिकला होता.

"निघताना तुम्ही कुणाला काही सांगितलंत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"समोरच्या काकूंना सांगितलं ना. म्हटलं, येते."

दुभाष्याने शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. अधिकारी शिंकला, मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही परत यायचं ठरवून निघाला होता. चार दिवस पाहुण्या म्हणून."

"नाही हो साहेब, तसं नाही. येते म्हणजे..." पण येते म्हणजे काय, हे तिला सांगता येईना. जन्मभर बोललेल्या शब्दाचा अर्थ कधी कुणाला समजावून सांगावा लागला होता? अर्ज नामंजूर झाला. पूल उघडला की मायलेकींना परत पाठवायचं ठरलं. मागे टेकडीवर अजून धूर दिसत होता. त्या दिवशी तिने मोज्यातून मला बाहेर काढलं आणि किती तरी वेळ नुसतं हातात धरून बसली. मी कुलूप असूनही मला वाईट वाटलं.

पण दाद मागायची सोय होती. या वेळी तीन देशांची तीन माणसं एका टेबलाशी बसली होती आणि दुभाषी म्हणून एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्या लहानपणी आमच्याच बाजूने पूल ओलांडून आल्या होत्या. चष्मेवालीने पुन्हा तेच सांगितलं, "म्हटलं, येते." दुभाषी बाई भाषांतर करायच्या थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"या म्हणाल्या की मी जाते," त्यांनी तिघांना सांगितलं.

"शब्द तर 'येते' असा आहे ना?" तिघांतल्या एकाने आधीचा जबाब बघून विचारलं.

"हो. पण आमच्याकडे जाणारी बाई येतेच म्हणते."

"मग खरंच परत येणार असेल तर काय म्हणते?"

"तेव्हाही येतेच म्हणते."

तिघं एकमेकांकडे बघू लागले. "मग फरक कसा कळायचा?"

दुभाषी बाईंनी तोच प्रश्न चष्मेवालीला केला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने पिशवीत हात घातला, मोजा काढला आणि मला टेबलावर ठेवलं. 'ठक्क' असा माझा आवाज झाला.

"हे आमच्या दाराचं कुलूप," ती म्हणाली. "चार दिवसांनी यायचं असतं तर दाराला लावून आले असते. मुलीचा हात धरला आणि पळत सुटले. हे हातातच राहिलं. घर उघडं आहे माझं." आणि ती रडायला लागली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

तिघांतल्या सगळ्यांत वयस्क बाईंनी मला उचललं, तोलून पाहिलं, किल्ली फिरवली. खट्. मी आयुष्यात कधी त्याच्याहून खणखणीत आवाज केला नसेल. त्या काहीतरी हळू बोलल्या. दुभाषी बाई म्हणाल्या, "रडू नकोस गं. राहा म्हणतायत."

चष्मेवालीचा जीव भांड्यात पडला. आणि मी? दाराला लागलो असतो तर घर राखलं असतं. न लागल्यामुळे दोन माणसं राखली.

पुढे मायलेकींना एका शहरात खोली मिळाली आणि मला एक परकं दार. काही वर्षं मी तिथे इमानाने काम केलं. मग चिमणीने आकडे दाबून उघडणारं नवं कुलूप आणलं. माझी रवानगी खणात झाली, जुन्या बॅटऱ्या आणि सुतळीच्या गुंड्यांबरोबर. अंगावर हिरवट थर चढला. खटके जाम झाले. मला विसरल्या, असं वाटून मी रुसून बसलो.

तिकडे मात्र मोठमोठ्या इमारतींतली माणसं पुन्हा एका टेबलाशी बसली होती. भांडली, उठून गेली, परत बसली. शेजारच्या देशांनी मध्ये पडून त्यांची समजूत घातली. शेवटी एके दिवशी बातमी आली की पूल उघडतो आहे, आणि ज्यांना आपली घरं बघायची असतील त्यांनी एका दिवसापुरतं जाऊन यावं. त्याच संध्याकाळी खण उघडला. चष्मेवालीने मला पुसलं, पोटात तेल सोडलं आणि म्हणाली, "चल बाबा. तुझं राहिलेलं काम करून येऊ."

माझा आनंद गगनात मावेना. माझं दार! माझा कोयंडा!

गल्ली ओळखीची होती, नुसती म्हातारी झाली होती. दारापाशी पोचलो आणि मी गारच पडलो. दार आतून बंद होतं. बाहेर लहान मुलांच्या चपला होत्या. चष्मेवालीने कडी वाजवली. दार उघडलं ते एका अनोळखी बाईने. तिच्या बोलण्यावरून लगेच कळलं, ती टेकडीवरची होती. ज्यांच्या भीतीने आम्ही पळालो, त्यांच्यातली. ती चष्मेवालीच्या हातातल्या माझ्याकडे बघतच राहिली.

"घर तुमचं ना?" ती म्हणाली. "आमचं जळलं, म्हणून आलो. रिकामं करतो. धाकट्याचा ताप तेवढा उतरू द्या."

चष्मेवालीने चपला काढल्या. आत गेली. चाकावर स्वच्छ कापड झाकलेलं होतं. काचांचे खण जसेच्या तसे. तेवढ्यात मागून काठी टेकत बेकरीवाल्या काकू आल्या. वाकल्या होत्या, पण आवाज तोच.

"मीच ठेवलं गं त्यांना. लेकरं घेऊन पावसात उभी होती बिचारी. तुझं दार उघडंच होतं. म्हटलं, जा आत."

"पण काकू, मला न विचारता?"

"तू येते म्हणाली होतीस ना? मग घर नांदतं नको राहायला? बंद घराला वाळवी लागते. तू आलीस तर बसणार कुठे होतीस?"

इतक्या वर्षांत त्या एका शब्दावर खरोखर भरवसा ठेवला होता तो फक्त काकूंनी. चष्मेवालीने काकूंना घट्ट मिठी मारली.

त्या बाईचा थोरला मुलगा कोपऱ्यातून डोळे बारीक करून हे बघत होता. चष्मेवालीचं लक्ष गेलं. ती एकदम म्हणाली, "हा असा कधीपासून बघतो?"

"बरेच दिवस झाले," त्याची आई म्हणाली.

चष्मेवालीने पिशवी खाली ठेवली, चाकावरचं कापड काढलं आणि खण उघडला. मग दुपारभर ते चाक फिरत राहिलं. भुवयांवर पांढरी भुकटी बसली. घर रिकामं करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मुलाने नवा चष्मा लावला, दारात आला आणि म्हणाला, "काकूंच्या बेकरीच्या पाटीवर अक्षरं आहेत?" सगळे हसले.

परतायची वेळ झाली. चष्मेवालीने मला कोयंड्यात अडकवलं. एक किल्ली त्या बाईच्या हातावर ठेवली, दुसरी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तेल घालत जा त्याला."

तेव्हापासून मी पुन्हा माझ्या जागी आहे. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं कुलूप असेल तर त्याला अधूनमधून तेल द्या, गंजू देऊ नका. आणि ते दाराला लावण्याआधी बाहेर कुणी उभं आहे का, तेवढं बघत जा.

त्या दिवशी पायरी उतरून चष्मेवालीने मागे वळून पाहिलं. दारात काकू होत्या आणि त्यांच्याशेजारी ती टेकडीवरची बाई.

"येते," चष्मेवाली म्हणाली.

काकूंच्याही आधी ती बाई म्हणाली, "या, ताई. सावकाश या."