चोळायचं नाही

नर्सने वॅलमायच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, फुगा दाबत दाबत आकड्याकडे पाहिलं आणि पट्टा सैल करता करता पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता तुमचं किती?"

"दोन," वॅलमाय म्हणाली.

"दोन?"

"फार तर अडीच. उगाच वाढवून कशाला सांगू, बाई?"

रॉस पेनबर्थी खाटेच्या पायथ्याशी हॅट हातात धरून उभा होता. बायकोचा चेहरा त्याला नीट दिसत होता. त्या चेहऱ्यावर, चर्चमधून बाहेर पडताना असतं तसं, जरासं हसू होतं. पण तिचा दुसरा हात खाटेच्या लोखंडी कठड्यावर होता आणि त्या हाताची बोटं पांढरी पडली होती. नर्स त्या बाजूला नव्हती. रॉसला मात्र तो हात दिसत होता.

"हे बघा मॅडम," नर्स म्हणाली, "आज रविवार. डॉक्टर इथून तासाभरावर आहेत. गरज असेल तर मी त्यांना बोलावते, अॅडलेडच्या मोठ्या इस्पितळात न्यायची गाडी मागवते. पण दोन असेल तर त्यांना उगाच कशाला धावायला लावू? गोळी देते, घरी जा, आणि आठवड्यात कधीतरी दाखवून घ्या."

"घरीच बरं. दोरीवर कपडे आहेत माझे."

नर्सचं नाव मारिव्हिक. फिलिपिन्समधून आलेली, पोर्ट हॅलममध्ये तिला अजून वर्षही झालं नव्हतं. गावाने तिला गव्हाच्या कोठारांपासून मासळीच्या धक्क्यापर्यंत सगळं दाखवलं होतं, पण क्रिकेट म्हणजे पांढरे कपडे घालून उन्हात उभं राहणं यापलीकडे तिला काही समजलं नव्हतं. समोरचा म्हातारा कोण आहे हे ठाऊक नसलेली गावातली ती बहुधा एकटीच असावी.

दार ढकलून नेव्हिल ट्रेझाइझने डोकं आत घातलं. त्याच्या डाव्या हाताला चहाचा टॉवेल गुंडाळलेला होता आणि टॉवेल लाल झाला होता. कुंपणाची तार ओढताना तळहात फाटला होता आणि बराच वेळ तो बाहेरच्या बाकावर आपली पाळी यायची वाट पाहत होता.

"नर्सबाई, माझी घाई नाही हं. आधी वॅलचं बघा."

"तेच बघतेय. तुम्ही हात वर धरून बसा."

"आणि तिला सुई-बिई विचारू नका. तुम्हाला माहीत नाही कोणाच्या घरची बाई आहे ती. या रॉसचा जबडा तुटला होता, चेंडू लागून, दोन ठिकाणी! वेस्ट इंडिजमध्ये. आमच्यासारखा माणूस आईला हाका मारत घरी आला असता. यानं तारांनी तोंड बांधून घेतलं, सुईला नाही म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून चहापर्यंत खेळला. सामना वाचवला. कुठं लागलं तर हात लावला नाही की चोळलं नाही. काय रे, रॉस?"

"नेव, बाहेर बस," रॉस म्हणाला.

"बसतो की. लाजतोय बघा कसा," असं म्हणत नेव्हिल हसला आणि दार लोटून गेला.

चेंडू लागला तर चोळायचं नाही, हा काही रॉसने लावलेला शोध नव्हता. चोळलं की कुठे लागलं ते गोलंदाजाला कळतं आणि पुढचा चेंडू तिथेच येतो, हे कुठल्याही फलंदाजाला ठाऊक असतं. पण पोर्ट हॅलममध्ये हा नियम रॉसच्या नावावर जमा झाला होता. कसोट्या तो मोजक्याच खेळला, शतकं त्याहून मोजकी. खेळ देखणा नव्हताच. अंगावर चेंडू घेत, मान वाकडी करत, दात-ओठ खात तो उभा राहायचा, आणि त्याला बाद करायची धडपड करून करून गोलंदाज कंटाळायचे. अशा माणसाचं नाव एरवी दहा-पंधरा वर्षांत पुसलं जातं. पण तो एक डाव उरला. क्लबच्या भिंतीवर उरला, दारूच्या गुत्त्यात उरला, सायकलवरून पडलेल्या पोरांना आया सांगत त्यात उरला. चोळू नकोस, पेनबर्थीसारखा ऊठ.

खरी गोष्ट एवढीच होती की रॉसने सुई घेतली होती. सकाळी एक आणि जेवणाच्या सुट्टीत एक, हॉटेलच्या आणि मैदानाच्या न्हाणीघरात, आतून कडी लावून. जबडा असा बधिर झाला होता की कोणी करवत चालवली असती तरी त्याला कळलं नसतं. संध्याकाळी कप्तानाने पत्रकारांना सांगितलं की आमच्या गड्याने सुई नाकारली. कप्तानाला खरंच तसं वाटत होतं का त्याने ते मुद्दाम रचलं, हे रॉसला कधी कळलं नाही. तारांनी बांधलेल्या तोंडाने त्याला तेव्हा नाही म्हणता आलं नाही. तारा निघाल्यावर मात्र म्हणता आलं असतं. पण तोवर गावाने बँड लावून मिरवणूक काढली होती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज दुपारी मैदानावर त्याच्या नावाच्या चषकाचा सामना होता. चहाच्या वेळी बायकांच्या टेबलामागे वॅलमाय केक कापत उभी होती. रॉस शेजारगावच्या दोन पाहुण्यांना तो डाव सांगत होता. म्हणजे पाहुणे सांगायला लावत होते आणि तो नको नको म्हणत सांगत होता. तेवढ्यात त्याला दिसलं की वॅलमाय चहाच्या मोठ्या भांड्यामागे गुडघ्यांवर बसली आहे. बसली, कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं, मग टेबलाला धरून उठली आणि सुरी पुन्हा हातात घेतली. ते त्याने पाहिलं. पाहिलं आणि गोष्ट पुरी केली. पाहुणे हसले, तोही हसला आणि मगच उठला. इथे येईपर्यंत गाडीत तिने रस्त्यातल्या खड्ड्यांवर एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्यानेही काही विचारलं नाही. आत्ता त्या पांढऱ्या बोटांकडे बघताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की हॅट ठेवायला जागा शोधण्याचं निमित्त करून त्याने नजर वळवली.

"निदान दुखणं थांबायला एक सुई देऊ का?" मारिव्हिकने विचारलं. "मग घरी जा."

"नको. आमच्या घरात सुया घेत नाहीत."

मारिव्हिक रॉसकडे वळली. तिच्या डोळ्यांत ना कौतुक होतं ना चेष्टा. तिने सरळ विचारलं.

"तुम्ही का नाही घेतलीत? जबडा तुटला असताना?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. 'कसं सहन केलंत' हे विचारत. 'का' कोणी विचारलं नव्हतं.

"घेतली होती," तो म्हणाला.

"काय?"

"सुई. घेतली होती मी. दोन घेतल्या होत्या. सगळ्या गावाला खोटं सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही, सांगू दिलं." मग तो खाटेकडे वळला. तिच्याकडे बघणं जमेना, म्हणून तिच्या पायावरच्या पांघरुणाशी बोलल्यासारखा म्हणाला, "वॅल, मी घेतली होती. तू माझ्यासाठी हे असं करू नकोस. खरा आकडा सांग."

"बरं केलंत घेतलीत ते," मारिव्हिक म्हणाली आणि सलाइन लावायला नळी उलगडू लागली. ज्याच्या ओझ्याखाली माणूस उभा जन्म वाकला, ते तिने रिकामी पिशवी उचलावी तसं बाजूला ठेवून दिलं.

रॉसला वाटलं, तिला धक्का बसला असणार. त्याने हळूच वर पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर धक्का वगैरे काही नव्हता. थोडी कीव होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सुयांचं. लग्नाच्या आदल्या वर्षी दाढ काढायला तुला मीच घेऊन गेले होते, रॉस. दाताच्या डॉक्टरने चिमटा नुसता दाखवला तर तू खुर्चीतून खाली घरंगळलास. त्याला आणि मला मिळून तुला उचलावं लागलं. तोच माणूस तुटक्या जबड्याला सुई नको म्हणेल? मी काय खुळी आहे?"

मारिव्हिकला हसू आलं. ते लपवायला तिने पाठ फिरवली.

रॉसचे कान तापले. म्हणजे मिरवणुकीत ती शेजारी बसून हात हलवत होती तेव्हा तिला ठाऊक होतं. क्लबच्या भिंतीवरची अक्षरं तिने दरवर्षी ओल्या फडक्याने पुसली तेव्हाही ठाऊक होतं. आज दुपारी तो पाहुण्यांना नको नको म्हणत सांगत होता आणि ती चार हातांच्या अंतरावर केक कापत होती, तेव्हाही.

"मग का?" त्याने विचारलं. "तुला माहीत होतं, तर हे दुखणं अंगावर का काढलंस? माझ्यासारखं व्हायला म्हणून नव्हे, तर मग कशाला?"

"तुझ्यासारखं?" ती हसायला गेली, पण मध्येच थांबली आणि तिने दात आवळले. कळ गेल्यावर बोलली तेव्हा तिचा आवाज रागाचा नव्हता. घरातलं सामान कुठे ठेवलंय ते सांगावं तशी बोलली. "आपल्या जेनिनच्या बाळंतपणाला मला कळा सुरू झाल्या तेव्हा तू हिरवळ कापायला गेलास. दुसऱ्या खेपेला मूल गेलं, पोट रिकामं झालं, तेव्हा सरावाच्या नेटमध्ये जाऊन अंधार पडेपर्यंत खेळत बसलास. मागे माझा पाय मोडला, तर प्लास्टर होईपर्यंत तू गाडीत रेडिओ ऐकत होतास. मला दुखतंय म्हटलं की तुझा चेहरा असा होतो, की मग दुखणं बाजूला ठेवून तुलाच सांभाळत बसावं लागतं. आता या वयात मला ते झेपत नाही रे. त्यापेक्षा दोन म्हटलेलं सोपं."

रॉसला काहीतरी म्हणायचं होतं. मी तसा नाही, असं म्हणायचं होतं. पण तो तसाच होता. हिरवळ त्याला आठवत होती. ती किती बारीक कापली होती, तेही आठवत होतं. आपण घाबरट आहोत हे त्याला सुईच्या वेळीच कळलं होतं आणि ते आजवर त्याने कसंबसं पचवलं होतं. पण त्याचं भय ही बाई आयुष्यभर त्याच्याऐवजी आपल्या अंगावर घेत आली आहे, हे त्याला आज कळलं.

"मी आता कुठे जाणार नाही," तो म्हणाला. "इथेच थांबतो. सांग तू."

मारिव्हिकने खुर्ची ओढून खाटेशी आणली होती. तिच्यावर बसून तिने वॅलमायचा कठड्यावरचा हात बोट-बोट सोडवून आपल्या हातात घेतला.

"आता नीट सांगा मला. किती?"

वॅलमायने नर्सकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तू बाहेर जा, रॉस," ती म्हणाली.

"मी थांबतो म्हटलं ना."

"जा. तू इथे असलास तर मी दोनच म्हणेन. सवय आहे ती. जा बरं."

तिने ते फार मायेने म्हटलं. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. त्याने हॅट उचलली, ठेवली, पुन्हा उचलली आणि दार ओढून घेऊन बाहेर आला.

बाहेरच्या पडवीत दुपारचं ऊन फरशीपर्यंत आलं होतं. नेव्हिल बाकावर हात वर धरून बसला होता. त्याने सरकून जागा केली, पण रॉस दाराशीच उभा राहिला. आतून आधी बायकांचं हलक्या आवाजातलं बोलणं आलं. मग मारिव्हिक फोनवर कोणाशी तरी बोलू लागली, आणि तिच्या आवाजात आता घाई होती. नऊ, ती म्हणाली. नाही डॉक्टर, आजचं नाही, ख्रिसमसच्या आधीपासून दुखतंय. हो, गाडी आधी पाठवा, तुम्ही मागून या.

फोन ठेवल्याचा आवाज आला. मारिव्हिक म्हणत होती, इथे दाबते हं, इथे, लागलं तर सांगा. आणि मग तो आवाज आला. आधी जड वस्तू सरकवावी तसं कण्हणं, मग ते फुटलं आणि मोठं झालं, आणि थांबेचना. नेव्हिलने हात खाली घेतला. हाताचं रक्त बोटांवरून फरशीवर ठिबकलं, तेही त्याला कळलं नाही.

"अरे बापरे," तो म्हणाला. "मागच्या दाराने कोणाला आणलं की काय? कोण रे आत?"

"वॅल आहे."

"छट. वॅलला मी शाळेपासून ओळखतो. ती नाही असं ओरडायची."

"वॅलच आहे," रॉस म्हणाला. "मी बाहेर आहे ना, म्हणून."