साडीऐवजी तार

टेकडी चढून आलेल्याला रविवारी पोहे फुकट, हा सोनाळ्याच्या हॉटेलातला निवृत्तीचा नियम. टेकडीची वाटही त्यानंच पंधरा वर्षं काटे तोडून मोकळी केलेली. पोरी, मास्तर, गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे त्या वाटेनं वर मारोतीपर्यंत जायचे आणि उतरले की थेट हॉटेलात बसायचे. मग पायथ्याचं शेत इंद्रभाननं घेतलं आणि वाटेवर काटेरी तार ठोकली. निवृत्ती हात जोडून गेला, तर म्हणे, हॉटेलवाल्यानं कपबश्या विसळाव्या, डोंगराचा शौक कायले पाह्यजे! सहा महिने निवृत्ती अंगणातून नुसता टेकडीकडे बघत राहिला आणि श्रावणात गेला. त्याची बायको केसरबाई लोकांपुढं रडली नाही. इंद्रभानचं नाक ठेचलं जावं, असं ती रोज चुलीपुढं मनापासून म्हणायची.

आणि तशी वेळ चालून आली की! इंद्रभानला नातू झाला. इंद्रभानच्या आईनं, मनकर्णाबाईनं, नवस बोललेला निघाला: टेकडीवर मारोतीपुढं कणकेचे जाड रोडगे, तेही केसरबाईच्याच हातचे. इंद्रभान हॉटेलात आला आणि केसरबाई मुकाट हो म्हणाली. गावानं तोंडात बोटं घातली. तिची सून अन्नपूर्णा तर दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

नवसाच्या दिवसापुरती इंद्रभाननं तार एका जागी सोडवली. दोनशे पाहुणे वर चढले. गोवऱ्यांच्या आरात रोडगे फुलले, वांग्याची भाजी रटरटली, व्याही पंगतीत बसले. इंद्रभाननं मानाची साडी पुढं केली, तशी केसरबाईनं हात मागं घेतले.

"साडी नोको भाऊ. मले तार पाह्यजे. सारी तार, अन् तुमच्या हातानं काढलेली. तवर नैवेद्य निघत नाही."

इंद्रभान हसला. उद्या गडी पाठवतो म्हणाला. केसरबाई रोडग्यांच्या टोपल्यापुढं मांडी घालून बसली ती बसलीच. व्याही एकमेकांकडे बघू लागले. शेवटी मनकर्णाबाईच कडाडली, "नवस अर्धा राह्यला तं लेकराले भोवंन. जाय, काढ!"

पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पक्कड घेऊन, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत इंद्रभान टेकडी उतरला. बेचाळीस खांब होते. वरून केसरबाईनं एकूण एक मोजला. काट्यांनी त्याचे हात रक्ताळले, सदरा फाटला. दया आली का तिला? छे! विसाव्या खांबाला तो टेकला, तेव्हा तिनं खालच्यांना ओरडून सांगितलं की पाणी देऊ नका. हात जोडून गेलेल्या निवृत्तीला यानं दिलं होतं?

मग तिनं नैवेद्य काढला आणि इंद्रभानच्या पानात स्वतः तूप वाढलं. त्याला घास धरवत नव्हता.

त्यातली दोन हात तार तिनं ओटीत घेतल्यासारखी घरी नेली. आता हॉटेलच्या पायरीशी ती ताणून बांधलीय. टेकडी उतरलेले लोक बुटांचा चिखल तिच्यावर खरवडतात आणि मग पोह्यांना आत येतात. इंद्रभानचा ट्रॅक्टर रोज त्याच पायरीसमोरून जातो.