प्रचाराचा नारळ

पंचायत समितीला उभी राहिलेली सृष्टी बिरुदेवाच्या देवळापुढं बोलली, तेव्हा तिचा आवाज ओवीसारखा मोकळा सुटला. "बाईला बाप्याइतकाच हक्क. घरात, शेतात आन् देवापुढंबी." सांगोल्याकडच्या त्या धनगरवस्तीवर बायांनी टाळ्या वाजवल्या.

मग प्रचाराचा नारळ फोडायची वेळ आली आणि श्रीमंतकाकांनी सवयीनं बाह्या वर सारल्या. बाईनं नारळ फोडायचा नाही, हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"काका, थांबा," सृष्टी म्हणाली. नारळ तिनं घेतला खरा, पण हात दगडाकडं जाईना. पायरीवर चिमाआत्या बसली होती. सृष्टीला तिनंच लहानाची मोठी केलेली. नवरा गेल्यापासून मात्र कुठल्या पूजेत ती पुढं आली नव्हती. सृष्टीनं नारळ तिच्यापुढं धरला. "आत्या, तू फोड. पैला मान तुझा."

आत्यानं हात पदराखाली घेतले. "मी मागितला व्हता का मान? भाशान तू केलंस. भ्या तुला वाटतंय, आन् फुडं मला करतीस व्हय गं?"

कुणीतरी हसलं. सृष्टीनं नारळ मागं घेतला. आपण आत्याला मान देत होतो, की तिच्या आड लपत होतो? नको म्हणणाऱ्याच्या हातात कोंबलेला हक्क, तो हक्कच का? आणि आता नारळ काकांना दिला, तर मघाचं बोलणं कुणाचं?

तिनं नारळ दगडावर आपटला. तो फुटला नाही.

आत्यानं डोळे मिटले होते. रागानं की भक्तीनं, ते सृष्टीला कळेना.

"जोरात की," आत्या म्हणाली.